सुनेची गोळी खालानं का घेऊ नये? : पाळणा लांबवण्याची गोळी आणि पाळी गेल्यावरची क्रीम, दोन्हींतला फरक

निमगाव सावा (ता. जुन्नर) :

आज जरा अवघड विषयावर लिहिते आहे. अवघड म्हणजे समजायला नाही, बोलायला. आपल्या घरांत बायकांची दुखणी दोनच ठिकाणी बोलली जातात. एक चुलीपाशी, दुसरं लग्नाच्या मांडवात मागच्या रांगेत. तिथं जो सल्ला मिळतो, तोच पुढं औषध बनतो. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण घरात जे घडलं, त्यानंतर या विषयाचं वाचन केलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. जे समजलं ते आपल्या भगिनींपुढं ठेवते.

माझी एक खाला आहे, वय ५६. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपासून तिला लघवीला जळजळ व्हायची, सारखं जावं लागायचं. वजू करून मुसल्ल्यावर उभी राहिली की पुन्हा उठायची. तरावीहला मशिदीत जाणाऱ्या पुरुषांना हे कळणार नाही, पण घरात नमाज पढणाऱ्या बाईला चार रकातही सलग होऊ नयेत, ही केवढी बेचैनी! मेडिकलमधून गोळ्या आणायची, आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगितलं, “तुझे हार्मोन कमी झालेत, हार्मोनची गोळी घे.” आता हार्मोनची गोळी कुठली? सुनेच्या कपाटात माला-डीचं पाकीट होतं. खालानं गुपचूप तेच सुरू केलं.

दोन महिन्यांत काय झालं? सहा वर्षांनी पुन्हा अंगावरून जायला लागलं. डोकं ठणकायचं. आधीच बी.पी.ची गोळी चालू, त्यात बी.पी. १७०च्या वर गेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा कुठं पाकीट पिशवीतून बाहेर आलं. त्या म्हणाल्या, “खाला, हार्मोन कमी झालेत हे बरोबर. पण ही गोळी तुमच्यासाठी नाही. तुम्हाला लागेल ती लावायची क्रीम.”

सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी झाली, गोळी बंद झाली, क्रीम सुरू झाली. अल्हम्दुलिल्लाह, तीन महिन्यांत खालाची तक्रार बरीच कमी झाली. पण माझ्या डोक्यात प्रश्न राहिला. दोन्हींत इस्ट्रोजेनच आहे, मग एक चालतं आणि दुसरं का नाही?

इस्ट्रोजेन म्हणजे काय?

बाईच्या अंडाशयात तयार होणारं हे एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन. पाळी, गर्भाशयाचं अस्तर, हाडांची मजबुती, योनीमार्ग आणि लघवीच्या नळीजवळची त्वचा या सगळ्यांना त्याचा आधार असतो. साधारण पंचेचाळीस ते पन्नाशीच्या आसपास अंडाशयाचं काम थांबतं. बारा महिने सलग पाळी आली नाही की पाळी गेली असं धरतात.

इस्ट्रोजेन कमी झालं की अंगातून वाफा येणं, घाम, झोप उडणं हे होतं. हा त्रास बहुतेकींचा काही वर्षांत ओसरतो. पण योनीमार्गाचा कोरडेपणा, खाज, जळजळ, पती-पत्नीच्या संबंधात दुखणं, लघवीचा वारंवार संसर्ग हा त्रास आपोआप जात नाही, उलट वयाबरोबर वाढतो. त्वचा पातळ होते, तिथले उपयोगी जंतू कमी होतात आणि त्रास देणाऱ्या जंतूंना वाट मिळते. म्हणूनच खालाच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या आठ दिवस चालायच्या आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गोळी काय करते?

आता सुनेची गोळी पाहू. सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते ती माला-एन, दुकानात कमी किमतीत मिळते ती माला-डी. दोन्हींत औषध तेच. एका पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ हार्मोनच्या आणि ७ वेगळ्या रंगाच्या लोहाच्या. हार्मोनच्या प्रत्येक गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असतं. दोन हार्मोन एकत्र, म्हणून हिला संयुक्त गोळी म्हणतात.

ही गोळी मेंदूला असा इशारा देते की या महिन्यात बीज सोडायचं नाही. बीजच सुटलं नाही, तर गर्भ राहणार कुठून? शिवाय गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो. रोज न चुकता घेतली तर वर्षाला शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. पण माणूस आहे, विसरतं. प्रत्यक्ष वापरात हा आकडा शंभरात सातपर्यंत जातो.

यातलं इथिनिल इस्ट्राडिऑल हे नैसर्गिक इस्ट्रोजेन नाही. १९३८ साली बर्लिनमधल्या शेरिंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते बनवलं. नैसर्गिक इस्ट्रोजेन तोंडावाटे घेतलं की यकृत त्याचा बराचसा भाग मोडून टाकतं. या नव्या रूपाला यकृत सहजासहजी मोडू शकत नाही, म्हणून इतकी छोटी गोळी चोवीस तास काम करते. पण जो गुण, तोच दोष. यकृतावर त्याचा जोरदार परिणाम होतो आणि रक्त गोठवणारे घटक वाढतात. म्हणून या गोळीनं पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, काहींचं बी.पी. वाढतं.

धोका किती? युरोपच्या औषध नियामक संस्थेनं दिलेले आकडे असे : गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना अशी गाठ होते. लिव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. म्हणजे निरोगी तरुण बाईला धोका कमीच, आणि गरोदरपणात व बाळंतपणानंतर तो याहून जास्त असतो. त्यामुळे सुनांनी घाबरून गोळी बंद करायचं कारण नाही. प्रश्न खालाचा आहे. वय ५६, बी.पी. आणि वर ही गोळी!

क्रीम काय करते?

लावायच्या क्रीममध्ये आपल्याकडे बहुधा इस्ट्रिऑल हे सौम्य, नैसर्गिक प्रकारचं इस्ट्रोजेन असतं. एक ग्रॅम क्रीममध्ये एक मिलिग्रॅम. नेहमीची पद्धत अशी की पहिले दोन आठवडे रोज रात्री अर्धा ग्रॅम, नंतर आठवड्यातून दोनदा. सोबत मिळणाऱ्या नळीनं किंवा डॉक्टर सांगतील तसं बोटानं योनीमार्गात लावायची. दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला तीन महिने धरावेत. चार दिवस लावून “गुण नाही” म्हणून ट्यूब फेकू नका. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद केली, तर हळूहळू त्रास परत येतो.

औषध जिथं लागतं तिथंच लावलेलं असतं, यकृताची पहिली फेरी चुकते आणि रक्तात फारच थोडं उतरतं. योग्य, कमी मात्रेत वापरल्यावर रक्तातलं इस्ट्रोजेन पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीतच राहतं.

मी शाळेतली बाई, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. जगभर योनीमार्गात ठेवायची १० मायक्रोग्रॅम इस्ट्राडिऑलची छोटी गोळीही वापरतात. पहिले १४ दिवस रोज, मग वर्षभर आठवड्याला दोन. म्हणजे वर्षाला ११४ गोळ्या, एकूण १,१४० मायक्रोग्रॅम. आता माला पाहा. ३० मायक्रोग्रॅमच्या २१ गोळ्या म्हणजे महिन्याच्या पाकिटाला ६३०. दोनच पाकिटांत १,२६०! म्हणजे खालानं दोन महिन्यांत जेवढं गिळलं, तेवढं या उपचारात वर्षभरातही लागत नाही. त्यात गोळीतलं इस्ट्रोजेन वजनाला वजन कितीतरी जास्त जोरकस. जात वेगळी, जोर वेगळा, वाट वेगळी.

लघवीच्या संसर्गाबद्दल १९९३ साली इस्रायलमधल्या ९३ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या पाळी गेलेल्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या. ज्यांनी इस्ट्रिऑलची क्रीम लावली त्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, ज्यांनी औषध नसलेली क्रीम लावली त्यांना ५.९ वेळा. हे वाचलं तेव्हा खालाच्या दोन वर्षांच्या गोळ्या डोळ्यांपुढं आल्या. पण चालू असलेला संसर्ग क्रीमनं बरा होत नाही. त्यासाठी तपासणी करून वेगळं औषध घ्यावं लागतं. क्रीम तो पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून.

उलट चूक करू नका

काही बहिणींना वाटतं, क्रीममध्येही हार्मोन आहे, मग दिवस जाणार नाहीत. नाही! क्रीमनं पाळणा लांबत नाही. पाळी अनियमित झालेल्या ४५-४८ वर्षांच्या बाईलाही दिवस जाऊ शकतात. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी, असं डॉक्टर सांगतात.

तसंच, गोळी घेणाऱ्या काही तरुण मुलींना कोरडेपणा किंवा दुखण्याची तक्रार होते. तिनं सासूची क्रीम लावू नये. गोळी बदलायची की साधन बदलायचं, हे डॉक्टर ठरवतील.

गोळी कुणी घेऊ नये?

- वय ३५च्या वर आणि सिगारेट-बिडीचं व्यसन असेल तर. तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर तीही डॉक्टरांपासून लपवू नका.
- बी.पी. वाढलेलं असेल, हृदयाचा आजार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर.
- आधी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर.
- अर्धशिशी असून डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं चमकणाऱ्या रेघा येत असतील तर.
- स्तनाचा कर्करोग झाला असेल किंवा यकृताचा गंभीर आजार असेल तर.
- बाळ अंगावर पीत असेल तर सहा महिन्यांपर्यंत दुसरं साधन निवडावं.

टी.बी.चं रिफाम्पिसिन चालू असेल, किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील, तर गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. घरात टी.बी.चा उपचार चालू असलेल्या सुनेनं हे आवर्जून सांगावं.

गोळी घेताना एका पायाला सूज येऊन दुखलं, छातीत कळ आली, दम लागला, अचानक नजर धूसर झाली, बोलताना जीभ अडखळली, तर सकाळची वाट पाहू नका. सरळ दवाखाना गाठा.

ज्यांना ही गोळी चालत नाही, त्यांच्यासाठी सरकारी केंद्रात ‘छाया’ गोळी आणि ‘अंतरा’ इंजेक्शन आलं आहे. छायामध्ये इस्ट्रोजेन नाही. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. आशाताईंना विचारा, त्यांच्याकडं माहिती असते.

क्रीमआधी काय तपासायचं?

क्रीम सुरक्षित म्हणजे दुकानातून परस्पर आणायची असं नाही. पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी आधी तपासणी, मग औषध. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येकदा याच थेंबातून पहिल्यांदा कळतो. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या बहिणींनी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही क्रीम लावू नये. त्यांना आधी हार्मोन नसलेली ओलावा देणारी जेली सुचवली जाते.

क्रीमच्या डब्यातल्या कागदावर रक्ताची गाठ, कर्करोग असे भयानक शब्द वाचून अनेकजणी घाबरतात. ते इशारे प्रामुख्यानं गिळायच्या हार्मोनच्या अभ्यासातून आले. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेला असा मोठा अभ्यास २००२ साली मध्येच थांबवावा लागला. त्या गोळ्या होत्या, रोजच्या, पूर्ण शरीराला जाणाऱ्या. लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेनवर पुढं जी मोठी पाहणी झाली, तिच्यात हृदयविकार किंवा कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही.

पिशवी काढलेल्या बहिणींसाठी

आपल्या भागात विघ्नहर कारखान्याच्या हंगामात बीड, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची २०१९ साली सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कित्येकजणी तरुण होत्या. आपल्याही वस्तीत “पिशवी काढली, कटकट गेली” असं म्हणणाऱ्या बहिणी आहेत. पण पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील, तर पस्तिशीतच पन्नाशीचा त्रास सुरू होतो आणि हाडंही लवकर झिजतात. अशा तरुण बाईला नुसती क्रीम पुरत नाही. पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत पूर्ण शरीराला मिळणारं हार्मोन द्यावं का, हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतात. ऑपरेशनचा कागद जपून ठेवा आणि त्यावर अंडाशय काढली की ठेवली, हे वाचून घ्या.

रोजा, हज आणि काही शंका

रमजानमध्ये गोळी सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते. जी वेळ धराल ती महिनाभर धरा. एखादी गोळी विसरली तर आठवताच (रोजा असेल तर इफ्तार होताच) घ्या. दोन किंवा जास्त विसरल्या तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोधही वापरा. क्रीम तर रात्रीच लावायची असते, त्यामुळं इशाच्या नमाजनंतर लावली तर रोजाचा प्रश्नच येत नाही.

हज-उमराला जाताना पाळी पुढं ढकलायची गोळी बहुधा तिसरीच असते, नॉरएथिस्टेरॉनची. ती पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करतात. ती पाळणा लांबवणारी नाही आणि कोरडेपणावरची तर नाहीच. लांबच्या विमानप्रवासात रक्ताची गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून हीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आणखी एक शंका हलाल-हरामची. इस्ट्रोजेनच्या एका जुन्या प्रकारात गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं हार्मोन असतं. ज्यांना त्याबद्दल मनात किंतु असेल, त्यांनी डॉक्टरांना सरळ सांगावं की दुसरा प्रकार द्या. इस्ट्रिऑल प्रयोगशाळेत तयार होतं. मसला आलिमांना विचारा, औषध डॉक्टरांना विचारा, दोघांची अदलाबदल नको.

लग्नाआधीच्या मुलींनाही पी.सी.ओ.डी. किंवा जास्त रक्तस्रावासाठी डॉक्टर हीच संयुक्त गोळी देतात. त्यावरून पोरीकडं संशयानं बघू नका. तिथं ती पाळी नियमित करायला दिलेली असते. बंद केल्यावर मूल होत नाही, हा गैरसमज आहे.

शेवटचं

अन्सारच्या बायका दीनचे प्रश्न विचारायला लाजत नसत, म्हणून हजरत आयेशा (र.) यांनी त्यांची तारीफ केली होती. आपण तर साधी लघवीची जळजळ सांगायला दोन वर्षं लावतो. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराला जाताना वाटेत दवाखाना असतोच. नारायणगावला ग्रामीण रुग्णालय आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. डॉक्टरीणबाई हव्यात असं सांगायलाही संकोच करू नका. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, सुनेच्या कपाटातलं सुद्धा.

आणि पुरुष मंडळींनो, हा लेख तुमच्यासाठीही आहे. बायको रात्री तीनदा उठते, जवळ येणं टाळते, चिडचिडी झाली आहे, तर ती रुसलेली नसेल, तिला दुखत असेल. “चल, दवाखान्यात दाखवून येऊ” एवढं एक वाक्य तुम्ही म्हणालात, तरी तिचं अर्धं ओझं उतरेल.

परवा खाला आमच्याकडं आली होती. मगरिबची नमाज सावकाश पढली, सलाम फेरला, तसबीह घेऊन बसून राहिली. मी म्हटलं, “खाला, उठत नाही आज?” ती हसून म्हणाली, “आता कशाला उठू, बस निवांत.” तिच्या दोन वर्षांत जे गेलं ते परत येणार नाही. पण तुमच्या घरातल्या खालाला इतकी वाट बघायला लावू नका.